लोखंडापेक्षाही स्थिर द्रव्य?

अणुकेंद्रकांच्या जगात लोखंडाचा मान मोठा. ताऱ्यांच्या पोटातली ऊर्जा देणारी संमीलनाची साखळी त्याच्यापाशी येऊन थांबते. पण १९७१ साली भौतिकशास्त्रज्ञ बॉडमर यांनी आणि १९८४ साली एडवर्ड विटन यांनी एक धाडसी शंका मांडली. द्रव्याची सर्वांत स्थिर अवस्था लोखंड नसून ‘स्ट्रेंज’ द्रव्य असेल तर?

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अप आणि डाउन या दोन जातींच्या क्वार्क नावाच्या मूलकणांचे बनतात. ‘स्ट्रेंज’ द्रव्यात त्यांच्या जोडीला तिसरा स्ट्रेंज क्वार्कही असतो. तो त्यांच्यापेक्षा कितीतरी जड, आणि तो पोटात असलेला लॅम्डा कण सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच मोडतो. असला क्वार्क घालून द्रव्य टिकाऊ कसं होणार? याचं उत्तर पाउलींच्या नियमात आहे. एकाच जातीच्या क्वार्कांना एकाच अवस्थेत गर्दी करता येत नाही. खालच्या ऊर्जापातळ्या भरल्या की पुढच्यांना वर चढावं लागतं. दोन इमारती वरपर्यंत भरल्या असताना शेजारी तिसरी उभी राहावी, तसं स्ट्रेंज क्वार्कमुळे होतं. या इमारतीचा तळमजला जरा उंचावर आहे, कारण वस्तुमान जास्त. तरी विसाव्या मजल्यापेक्षा तो परवडतो.

मग आपल्यातलं द्रव्य स्ट्रेंज न होता आपण अजून शाबूत कसे? केंद्रकातला एखाददुसरा क्वार्क बदलला तर ऊर्जा उलट वाढते. फायदा हवा तर पुष्कळ क्वार्क एकदम बदलायला हवेत, आणि क्वार्कची जात बदलणारं बल आहे क्षीण. विश्वाच्या वयातही हे घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

खरी गंमत विद्युतभाराची. अप, डाउन, स्ट्रेंज समसमान असले की भारांची बेरीज शून्य होते. स्ट्रेंज जड असल्याने तो थोडा कमी पडतो आणि किंचित धनभार उरतो. मोठी केंद्रकं प्रोटॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीने फुटतात. इथे ती अडचण जवळपास नाहीच. म्हणून असा गोळा ताऱ्याएवढाही असू शकेल. आणि न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा) हलका झाला की फुगतो, स्ट्रेंज तारा मात्र आक्रसतो, कारण त्याला प्रामुख्याने गुरुत्वाने नव्हे, तर क्वार्कांमधल्या तीव्र बलाने बांधलेलं असतं.

अमेरिकेतला जड केंद्रकं एकमेकांवर आदळवणारा आरएचआयसी त्वरक २००० साली सुरू होण्याआधी तिथे बनलेला स्ट्रेंज द्रव्याचा कण साध्या द्रव्याला आपल्यासारखं करत पृथ्वी गिळेल, अशी भीती पसरली होती. ती फोलच म्हणायची. चंद्रावर अब्जावधी वर्षं त्याहून ऊर्जावान विश्वकिरण आदळताहेत आणि चंद्र जागच्या जागी आहे.

२०२२ साली एचईएसएस जे१७३१-३४७ या सुपरनोव्हा अवशेषातल्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या ढगातल्या, ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.७७ पट आणि त्रिज्या सुमारे १० किलोमीटर असल्याचं प्रसिद्ध झालं. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी हे फारच हलकं, म्हणून तो स्ट्रेंज तारा असावा असं काहींना वाटतं. पण ही त्रिज्या ताऱ्याच्या अंतरावर आणि वातावरणाच्या गृहीतकांवर बेतलेली आहे, तेव्हा एवढ्यावरून निकाल देणं मला घाईचं वाटतं.