फ्लोरिडातील 537 मते आणि कागदाची टिकली

निवडणुकीत निसटता निकाल लागला आणि फेरमोजणीत आकडा बदलला, की लोकांना लगेच लबाडीचा संशय येतो. एक, दोन, तीन असे मोजायचे, त्यात दोनदा वेगळे उत्तर येईलच कसे, असा त्यामागचा समज असतो. लबाडी कधीच होत नाही, असे मला म्हणायचे नाही. परंतु मतमोजणी हेदेखील एक मापन आहे आणि प्रत्येक मापनात त्रुटी असते, हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या 2000 सालच्या निकालातून फार स्पष्ट दिसते.

त्या वर्षी 7 नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या वाट्याला अध्यक्ष निवडणारी ठरावीक निर्वाचक मते असतात. फ्लोरिडाची 25 निर्वाचक मते तेथे आघाडी घेणाऱ्यालाच मिळणार होती आणि बाकीच्या देशाचा कौल इतका अटीतटीचा होता, की ही 25 मते ज्याची त्याचेच अध्यक्षपद. सुमारे 60 लाख मतांपैकी जॉर्ज बुश यांना 29,12,790 आणि अल गोर यांना 29,12,253 मते पडल्याचे जाहीर झाले. फरक 537, म्हणजे दर 11 हजार मतांमागे जेमतेम एक.

आता ज्या साधनाने ही मते मोजली गेली, त्याकडे पाहू. राज्यातील अनेक काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, छिद्रपत्रिका वापरात होत्या. या जाड कागदाच्या पत्रिकेवर लहान लहान आयताकृती टिकल्या आधीच कापलेल्या असत आणि प्रत्येक टिकली केवळ चार कोपऱ्यांनी पत्रिकेला धरून असे. मतदाराने पत्रिका यंत्राच्या खाचेत सरकवायची आणि आपल्या उमेदवारासमोरच्या भोकातून टोकदार सळई खाली दाबायची. पत्रिकेखाली लवचीक पट्ट्या असत. सळईने टिकली दोन पट्ट्यांमधून खाली ढकलली जाई आणि सळई वर येताना पट्ट्या तिला अडवून ठेवत. चारही कोपरे तुटले, तर छिद्र स्वच्छ पडे. मात्र यंत्र वेळच्या वेळी साफ केले नाही, तर पट्ट्यांखाली जुन्या टिकल्या साचत आणि नव्या टिकलीला खाली जायला जागाच उरत नसे. मग एक कोपरा शाबूत राहून टिकली लोंबकळे, दोन कोपऱ्यांवर ती दारासारखी झुले, तर कधी एकही कोपरा न तुटता कागदावर नुसती खळी पडे. मोजणीयंत्र पत्रिकेतून प्रकाश आरपार जातो का, एवढेच पाहते. खळीतून प्रकाश जात नाही, म्हणून ते मत कोरे ठरते. लोंबकळणारी टिकली तर यंत्रातून जाताना भोकावर बसू शकते किंवा गळूनही पडू शकते. थोडक्यात, येथे मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची वस्तू बदलते. न मोजल्या गेलेल्या पत्रिकांचे प्रमाण छिद्रपत्रिकांच्या काउंटींमध्ये 3.92 टक्के, तर खुणा प्रकाशाने वाचणाऱ्या यंत्रांच्या काउंटींमध्ये 1.43 टक्के होते. एवढ्या त्रुटीच्या साधनाने 0.01 टक्क्याहूनही लहान फरक मोजणे म्हणजे शाळेच्या फूटपट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखे आहे.

गोर यांच्या मागणीवरून मोजक्या काउंटींमध्ये हाताने फेरमोजणी सुरू झाली, तेव्हा कर्मचारी पत्रिका दिव्यासमोर धरून, भिंग लावून टिकल्या न्याहाळू लागले. खळी म्हणजे मत की मतदाराने ऐन वेळी बदललेला विचार, यावर सर्वमान्य नियमच नव्हता. ब्रॉवर्ड काउंटीने सैल निकष लावला आणि पाम बीच काउंटीपेक्षा जवळपास तिप्पट नवी मते शोधून काढली. ही विसंगती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबरच्या निकालातही नोंदली गेली आणि मोजणी कायमची थांबली.

मतदानाच्या रात्री वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी गोर यांना दिले, मग बुश यांना, आणि दोन्ही वेळा शब्द मागे घेतला. ग्रहताऱ्यांवरून निवडणुकीचे निकाल सांगणाऱ्यांकडे तर लोकांनी अशा वेळी मुळीच जाऊ नये. टिकलीचा चौथा कोपरा तुटेल की नाही, हे कोणत्याही कुंडलीत लिहिलेले नसते.

पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने छिद्रपत्रिका कायद्याने बंद केल्या. दरम्यान संशोधकांनी बाद ठरलेल्या सुमारे 1,75,000 पत्रिका पुन्हा तपासल्या होत्या. ज्यांवर यंत्राला एकही मत सापडले नव्हते, अशा पत्रिका तिघांनी स्वतंत्रपणे पाहिल्या. गोर यांनी मागितलेल्या मोजक्याच काउंटींची फेरमोजणी पूर्ण झाली असती, तरी बुशच पुढे राहिले असते. राज्यभरातील सगळ्या बाद पत्रिका मोजल्या असत्या, तर मात्र गोर अगदी थोड्या मतांनी पुढे गेले असते. तो फरक तर 537 हूनही कमी होता.