जनजीवनशिल्प, सार्वजनिक

रस्ता, चौक वा बागेच्या कडेला उभारलेले आणि नामांकित व्यक्तीऐवजी काम करणारी, ओझे वाहणारी किंवा बाजाराला निघालेली सामान्य माणसे दाखवणारे शिल्प. स्मारकपुतळ्यापासून ते दोन खुणांनी वेगळे ओळखता येते : त्यातील माणसाला नाव नसते आणि बहुधा उंच चौथराही नसतो. दुसरी खूण अधिक निर्णायक मानावी, कारण चौथरा उतरला की पाहणारा आणि शिल्प एकाच पातळीवर येतात. फ्रान्समधील कॅले येथील नागरिकांचा समूह त्याचा शिल्पकार रोदँ याला जवळजवळ जमिनीलगत हवा होता. तरीही १८९५ मध्ये तो उंच बैठकीवर बसवला गेला आणि १९२४ मध्येच खाली आला.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, औद्योगिक युरोपातील श्रमिकांच्या शिल्पांतून, विशेषतः बेल्जियमच्या काँस्टंटिन म्यूनिए (१८३१–१९०५) याच्या खाणकामगारांतून आला. दुसरे मत सांचीची तोरणे, मंदिरांच्या जोत्यावरील नरथर (मानवाकृतींचा पट्टा) आणि दख्खनातील वीरगळ (लढताना पडलेल्या वीराची स्मृतिशिळा) यांच्याकडे बोट दाखवते. सोलापूर जिल्ह्यातही गावांच्या वेशीजवळ व मंदिरांच्या आवारात वीरगळ आढळतात. त्यांपैकी बहुतेकांवर लेख नसल्याने त्यांचा काळ शैलीवरूनच, ढोबळमानाने अकरावे ते चौदावे शतक असा धरला जातो. काहींच्या तळच्या चौकटीत गुरे आणि ती सोडवताना पडलेला वीर दिसतो. गावच्या रोजच्या जगण्याचे हे दगडातील चित्रण मोलाचेच आहे. तथापि वरच्या चौकटींतील स्वर्गारोहण व शिवलिंगपूजा पाहता वीरगळाचा हेतू स्मरणाचा ठरतो, आणि त्याच्यापासून आजच्या रस्त्यावरील शिल्पापर्यंत सलग परंपरा जोडणे कठीण दिसते. भारतीय शहरांत हा प्रकार कलाशाळांमार्फत आला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ (सु. १८९६) ही या वाटेवरची आरंभीची कृती, मात्र ती प्लास्टरची व दालनातील होती. खऱ्या अर्थाने उघड्यावरची शिल्पे म्हणजे शांतिनिकेतनातील रामकिंकर बैज यांचे ‘संथाळ कुटुंब’ (सु. १९३८) व ‘मिल कॉल’ (१९५६). ही दोन्ही सिमेंट व जांभ्या खडीची आहेत. दुसऱ्यात भाताच्या गिरणीच्या भोंग्यासरशी कामावर धावणाऱ्या स्त्रिया आहेत. सोलापूरच्या गिरणगावाला तो भोंगा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील देवीप्रसाद रायचौधुरी यांचे ‘ट्रायंफ ऑफ लेबर’ (१९५९) याच प्रकारातले होय.

सोलापूरच्या रस्त्यावरचे जगणे या शिल्पप्रकाराला विशेष अनुकूल आहे. हातमागाच्या पेठांतून ताणा (विणण्यापूर्वीचे उभे धागे) गल्लीत उघड्यावरच पसरून त्याला खळ देत. शहराच्या पूर्व भागातील उंबऱ्यांवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया आजही दिसतात. ही कामे घराबाहेरची, सर्वांच्या डोळ्यांसमोरची असल्याने त्यांतील शरीराची बैठक, मानेचा झुकाव आणि हाताचा वेग शिल्पकाराला रस्त्यातच टिपता येतो.

पार्क चौकानजीकचा चार हुतात्म्यांचा समूह वर्गीकरणाने स्मारकपुतळाच ठरतो. मे १९३० मधील उठाव व त्यानंतरच्या मार्शल लॉच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली, त्यांचा हा समूह. त्या उठावात गिरणी कामगार व बाजारपेठेतील माणसे रस्त्यावर उतरली होती. शिवाय बोलीत या जागेचे नाव कोणा एका वीरावरून पडलेले नाही. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सारे तिला ‘चार पुतळा’ म्हणतात. त्यामुळे या समूहाला दोन्ही प्रकारांच्या सीमेवर ठेवणे योग्य होईल.