सीएचएसएच की युजरमॉड?

लिनक्सवर लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन केल्यावर तुमच्या कमांड घेणारा प्रोग्राम, बदलायचा म्हटलं की कोणी सीएचएसएच ही कमांड सांगतं, कोणी युजरमॉड. लिहितात दोन्ही एकाच ठिकाणी. ईटीसी डिरेक्टरीतल्या पासडब्ल्यूडी फाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते, कोलनने तोडलेले 7 रकाने, आणि सातवा शेलचा:

सरिता:एक्स:1001:1001::/होम/सरिता:/बिन/बॅश

या बॅश शेलच्या जागी झेडएसएच हा दुसरा शेल यायला हवा, एवढंच. पण ही फाइल बदलायचा हक्क फक्त रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला. मग साध्या युजरने काय करायचं? त्याच्यासाठी सीएचएसएच. सेटयूआयडी बिट या फाइलवरच्या खास परवानगीमुळे ती कोणीही चालवली तरी रूटच्या ताकदीने चालते, म्हणून वागतेही संशयी चौकीदारासारखी: आधी तुमचा पासवर्ड विचारते, मग तुम्ही दिलेला पाथ ईटीसीमधल्या शेल्स फाइलच्या यादीत आहे का ते बघते. नसला तर सरळ नकार. आणि बदल फक्त स्वतःच्या खात्यात.

युजरमॉड अॅडमिनची. आधी सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवणारं) लावायचं, डॅश एस देऊन पाथ लिहायचा, कोणाचंही खातं चालतं. यादीबिदी ती बघत नाही. एकदा घाईत मी झेडएसएचऐवजी झेडएचएस टाइप केलं, तेही स्वतःच्याच खात्याला. युजरमॉडने निमूट लिहून घेतलं. दुसऱ्या टर्मिनल खिडकीतून एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) आत शिरायला गेलो तर पासवर्ड बरोबर असूनही दार बंद, कारण तो शेल अस्तित्वातच नव्हता. पहिली खिडकी उघडी होती म्हणून वाचलो. हल्लीच्या आवृत्त्या अशा वेळी इशारा देतात, पण बदल करतातच.

म्हणून स्वतःचा शेल बदलताना मी सुडो हाताशी असलं तरी सीएचएसएचच वापरतो. फेडोरावर मात्र ती आयती नसते, युटिल-लिनक्स-युजर हे पॅकेज टाकावं लागतं. उलट एखाद्या सर्व्हिसच्या खात्याला शेलच्या जागी नोलॉगिन (लॉगिन नाकारणारा प्रोग्राम) लावून लॉगिन बंद करायचं असेल तर ते काम युजरमॉडचंच.

कमांड कोणतीही चालवा, चालू टर्मिनलमध्ये काहीच हलत नाही. ‘झालंच नाही’ म्हणून लोक तीच कमांड चारचारदा मारतात. खात्याची ओळ दाखवणारी गेटएंट पासडब्ल्यूडी ही कमांड आणि पुढे युजरचं नाव टाकून सातवा रकाना बघा. तिथे नवा शेल दिसत असेल तर लॉगआउट करून परत या.