मासे मेले: विषाने की गुदमरून?

कृष्णेत मेलेल्या माशांचा खच दिसला की सांगली-मिरजेकडे एकच बोंब उठते: "नदीत कुणीतरी विष सोडलं!" संताप रास्तच आहे. पण प्रत्येक वेळी विषच धरून बसलं की तपास भलतीकडे जातो, अहवालात विष सापडत नाही आणि घाण सोडणारा नामानिराळा राहतो.

विष कसं मारतं हे द्राक्षबागायतदाराला शिकवायला नको. सायपरमेथ्रिनसारखं फवारणीचं कीडनाशक ओढ्यात जरासं उतरलं तरी मासे, झिंगे, पाणकिडे सगळे आडवे. एवढं पुरे.

गुदमरणं मात्र लोकांच्या गळी उतरत नाही, कारण तिथे जीव घेणारी वस्तू विषारी असावीच लागत नाही. साखर कारखान्यातल्या मळीचंच घ्या. ती जनावरांच्या खाद्यातही घालतात. तीच नदीत आली की तिच्यातल्या साखरेवर जिवाणू तुटून पडतात, बेसुमार वाढतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फस्त करतात. शहराचं सांडपाणीही हेच करतं. डिस्टिलरीचं कच्चं स्पेंट वॉश, म्हणजे दारू गाळून उरलेलं सांडपाणी, तर त्याच्या शंभरपटीहून जास्त ऑक्सिजन ओढतं. त्यात उन्हाळ्यातली कृष्णा, तापलेली आणि बंधाऱ्यामागे तुंबलेली. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. कटला-रोहूला ५ च्या आसपास तरी लागतो. तो २ च्या खाली गेला की खेळ आटोपला.

आता वेळ बघा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेही घेतच बसतं. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. मासे तेव्हाच वर येऊन आ वासतात, कल्ले फाकवतात. मोठे आधी जातात. मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊ शकतात म्हणून बरेचदा तगतात, चिलापीही चिवट निघते, आणि खेकडे पाणी सोडून काठावर चढतात. विषात असं ठरावीक वेळेचं काही नसतं: भर दुपारीही मासे वेडेवाकडे गरगरतात, बहुधा पिल्लं आधी मरतात, मरळही सुटत नाही. काठावर उभ्या माणसाने एवढं नीट पाहिलं तरी निम्मं काम होतं.

माझा खरा राग नमुना घेण्याच्या पद्धतीवर आहे. मासे पहाटे मेले, नमुना दुपारी बारा वाजता, तोही रिकाम्या पाण्याच्या बाटलीत, गाडीच्या डिकीत डचमळत. तोवर उन्हाने ऑक्सिजन पुन्हा चढलेला, बाटलीत हवा मिसळलेली. मग "पाणी ठीक" असा कागद येतो! ऑक्सिजन मीटरने नदीतच मोजायचा, नाहीतर बाटली तोंडापर्यंत भरून काठावरच रसायनं घालायची. तळाशी बसणारा साका तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराफेक राहिला तर नाही. डोळ्यांना दिसतं, प्रयोगशाळेची वाट बघावी लागत नाही. विषाचा संशय असेल तर वेगळी काचेची बाटली आणि बर्फात ठेवलेले ताजे मासे हवेत.

आणखी एक. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की तळाचा कुजका गाळ ढवळून निघतो आणि उरलासुरला ऑक्सिजन खातो. त्या रात्री कुणी काहीच सोडलेलं नसतं. पाप मागच्या कित्येक महिन्यांचं असतं. अशा वेळी आदल्या रात्री घाण ओतून गेलेला टँकर शोधत फिरणं फुकट आहे. वरच्या अंगाला कुठले नाले येऊन मिळतात ते बघा.

आणि "विष नाही ना, मग खायला काय हरकत" म्हणत घमेली भरणाऱ्यांसाठी: हरकत आहे. ज्या सांडपाण्याने मासे गुदमरले तेच त्यांच्या कल्ल्यांत आणि पोटात असतं. शिवाय दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात, आणि ते घमेल्यात बघून कळत नाही.