झिजलेला भाग आणि वाकलेला भाग: सस्पेन्शनमध्ये दुरुस्ती कुठे चालते, बदल कुठे हवा

पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येणे, गाडी एका बाजूला ओढणे किंवा टायर एकाच कडेने झिजणे या लक्षणांवरून सस्पेन्शनमध्ये बिघाड आहे एवढे कळते. पण तो वापराने झालेल्या झिजेचा आहे की आघाताने झालेल्या इजेचा, हे केवळ त्यांवरून ठरत नाही. दुरुस्ती पुरेल की भाग बदलावा लागेल, याचे उत्तर मात्र मुख्यतः याच भेदात असते.

लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, घेऊ. तो आतल्या टोकाला रबरी बुशांनी (नळीसारख्या तुकड्यांनी) सबफ्रेमला (गाडीखालच्या आधारचौकटीला) आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंटने (गोळीच्या फिरत्या सांध्याने) चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) जोडलेला असतो. कालांतराने बुशाच्या रबराला भेगा पडतात. बॉल जॉइंटचे रबरी आवरण फाटले तर ग्रीस बाहेर येते, पाणी आणि माती आत शिरते आणि सांध्यात ढिलाई येते. आर्मचा धातू मात्र शाबूत असतो. म्हणून जुना बुश प्रेसने काढून नवा बसवणे ही पुरेशी दुरुस्ती आहे आणि एवढ्यासाठी संपूर्ण आर्म बदलण्याची गरज सहसा नसते. रबर धातूला चिकटवलेल्या बुशाचा बोल्ट शेवटचा आवळताना मात्र गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असली पाहिजे. चाके लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि नवा बुशही लवकर फाटतो. बॉल जॉइंट काही आर्ममध्ये बोल्ट काढून किंवा रिव्हेट तोडून वेगळा करता येतो. जिथे तो आर्मचाच भाग म्हणून येतो, तिथे केवळ झीज असली तरी आर्मच बदलावा लागतो.

खोल खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेवर चाक आदळून आर्म वाकला असेल, तर तो ठोकून सरळ करणे ही दुरुस्ती नव्हे, हे मी ठामपणे म्हणेन. पोलाद थंड अवस्थेत वाकवून पुन्हा सरळ केले की त्या जागी ते कडक होते, त्याची लवचीकता कमी होते आणि डोळ्यांना न दिसणारी भेग तिथून सुरू होऊ शकते. तापवून सरळ केल्यास मूळ उष्णता-प्रक्रियेने आलेले बळ जाऊ शकते. अॅल्युमिनियमच्या आर्ममध्ये हा धोका विशेष असतो. चाकाला जागेवर धरणारा भाग धावत्या गाडीत तुटला, तर गाडीवर ताबाच राहत नाही.

फसगत बहुधा अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, वेळी होते. टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) टाय रॉडवरून (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावरून) सहज बदलता येतो, पण अनेक गाड्यांत कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलण्याची सोयच नसते. त्यामुळे वाकलेल्या आर्मवर टो जुळवला की स्टिअरिंग सरळ दिसते, चाक मात्र कललेलेच राहते आणि टायरची कड झिजत राहते. आघातानंतर डाव्या-उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये किंवा कास्टरमध्ये ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक आढळला, तर आर्म, स्ट्रट (शॉक अब्झॉर्बर असलेला उभा आधार), नकल किंवा सबफ्रेम यांपैकी काहीतरी वाकले किंवा सरकले असावे, असे धरूनच तपासणी करावी. अशा वेळी दोन्ही बाजूंची समान अंतरे मोजून पाहणे आणि रंग नुकताच उडाल्याच्या खुणा शोधणे उपयोगी पडते. याउलट, चाक उचलून लोखंडी पट्टीची तरफ लावून सांधा हलवल्यावर ढिलाई जाणवली, तर झिजेचा संशय घ्यावा.

शॉक अब्झॉर्बरवर तेलाचा हलका ओलावा असणे म्हणजे तो निकामी झालाच असे नाही. तेल ओघळत असेल किंवा रॉड वाकला असेल तर तो बदलावा, आणि शक्यतो एकाच अॅक्सलवरची जोडी बदलावी. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंगने जोडू नये.

आर्म बदलताना एकदाच वापरायचे लॉक नट पुन्हा लावू नयेत, आणि अलाइनमेंट सर्व भाग बसवून झाल्यावरच करावे.