पाण्याच्या पेल्यातला हिशेब

जेवायला बसताना ताटाशेजारी ठेवतो तो पेला घ्या. पाव लिटर पाणी. त्यातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचा ऋण विद्युतभार एकत्र केला तर भरतो सुमारे १.३ कोटी कूलोम (कूलोम हे विद्युतभाराचं माप). आकाशातून वीज कोसळते तेव्हा साधारण पंधरा-वीस कूलोमच खाली येतात! तरी पेला तोंडाला लावताना झटका बसत नाही, कारण तेवढाच धनभार प्रोटॉनांकडे असतो.

‘तेवढाच’ हा शब्द इथे फार काटेकोर आहे. समजा, दोघांच्या भारात एक अब्जांशाचा फरक असता. मग मीटरभर अंतरावरच्या दोन पेल्यांतलं पाणी एकमेकांना दीडशे टनांहून जास्त वजनाच्या जोराने ढकलत राहिलं असतं. पंगत कसली बसणार? प्रत्यक्षात १०चा एकविसावा घात एवढे भाग केले, तरी त्यातल्या एका भागाइतकाही फरक प्रयोगांत दिसलेला नाही.

मला खटकतं ते हे, की हे दोन कण एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, शिवाय क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचा बनलेला. इलेक्ट्रॉनचा भार −१ धरला, तर त्यात दोन ‘अप’ क्वार्क (प्रत्येकी +२/३) आणि एक ‘डाउन’ (−१/३). बेरीज +१. इलेक्ट्रॉनला घटक असल्याचं अजून तरी दिसलेलं नाही. मग तृतीयांशांची ही बेरीज बरोबर त्याच्याच मापाची कशी?

एक धागा सापडतो. क्वार्क तीन ‘रंगां’त येतात (नाव नुसतं, डोळ्यांना दिसणारा रंग नाही). म्हणून एका अप आणि एका डाउनची बेरीज (+१/३) तिप्पट धरायची: +१. त्यात इलेक्ट्रॉनचा −१ आणि न्यूट्रिनो या भार नसलेल्या कणाचा शून्य मिळवला की हाती शून्य उरतं. हे शून्य आलं नाही तर कणभौतिकीची आजची समीकरणंच कोलमडतात.

१९७४ साली जॉर्जाय आणि ग्लॅशो या भौतिकशास्त्रज्ञांनी पुढचं पाऊल टाकलं. क्वार्क आणि इलेक्ट्रॉन एकाच कुटुंबातले मानले, की त्यांचे भार आपोआप एकमेकांशी बांधले जातात. पण मग प्रोटॉनही कधीतरी फुटायला हवा. तो फुटताना पकडायला १९८०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरले होते. काही नोंदींनी आशा लावली, पण ती टिकली नाही. पुढे जपानमधल्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत प्रयोगाने हजारो टन पाण्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली. जॉर्जाय-ग्लॅशोंच्या मूळ गणिताने प्रोटॉनला दिलेली मुदत त्याआधीच, १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत, खोटी ठरली होती. प्रोटॉन काही फुटताना सापडलेला नाही.