बर्फयंत्र : स्वच्छता व निगा (मराठवाडा)

हॉटेल, ज्यूस सेंटर, मंगल कार्यालय, रुग्णालयाची प्रयोगशाळा किंवा मासळीचा ठोक बाजार अशा ठिकाणी रोज बर्फ तयार करणाऱ्या यंत्रातील क्षारांचा थर, बुळबुळीत जैवपटल (जंतूंचा चिकट थर), धूळ आणि गाळ ठरावीक काळाने काढून यंत्र अन्नयोग्य व कार्यक्षम ठेवण्याची प्रक्रिया. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत उन्हाळ्यातील बर्फाची मागणी दोन प्रकारे भागते : लादीचा बर्फ करणारे कारखाने आणि जागेवरच क्यूब किंवा चुरा बर्फ करणारी लहान यंत्रे. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. लादी कारखान्याविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

पूर्वपीठिका : कृत्रिम शीतनाच्या इतिहासात आद्यत्वाचा मान अनेकांना दिला जातो. स्कॉटिश वैद्य विल्यम कलन याने निर्वातात ईथरचे बाष्पीभवन करून थोडा बर्फ मिळविला. या प्रयोगाचे साल काही ग्रंथांत १७४८ असे येते. १७५६ मध्ये छापलेला त्याचा निबंध हा अधिक भक्कम आधार असल्याने प्रयोग १७५५ च्या सुमारास धरणे बरे. बाष्प दाबून पुन्हा द्रवरूप करणाऱ्या बंद चक्राचे पेटंट जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये घेतले. बर्फ करणाऱ्या यंत्राचे अमेरिकी पेटंट जॉन गोरीला १८५१ मध्ये मिळाले, तर ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसनने १८५० च्या दशकात व्यापारी प्रमाणावर बर्फ काढला. ‘पहिला कोण’ हा वाद बहुतांशी ‘पहिले काय’ यावर अवलंबून आहे. आजच्या यंत्रातील चक्र पर्किन्सच्या वंशातले आहे, एवढे म्हणणे पुरेसे ठरावे.

भारतात यंत्रापूर्वीही बर्फ होता. बॉस्टनहून जहाजाने आलेला नैसर्गिक बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास उतरला. त्याआधी गंगेच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी गोठवीत. रॉबर्ट बार्करने १७७५ मध्ये या रीतीचे वर्णन प्रसिद्ध केले. मोगल दरबारात शोऱ्याने पाणी थंड करीत. ‘ऐन-इ-अकबरी’तील कृतीनुसार एक शेर पाण्याची धातूची सुरई अडीच शेर शोरा व पाच शेर पाण्याच्या मिश्रणात पाव तास फिरवावयाची. औरंगाबाद हे मोगलांचे दख्खनमधील प्रमुख ठाणे असल्याने ही रीत तेथे पोचली असावी, असा तर्क करता येतो. मात्र शोऱ्याने पाणी गार होते. दख्खनच्या उन्हाळ्यात त्याचा बर्फ होणे अवघड. या रीतीला मराठवाड्यातील बर्फनिर्मितीची सुरुवात मानणे म्हणूनच फारसे पटत नाही. निजामी राजवटीच्या अखेरच्या काळाबद्दल व १९६० नंतरच्या पहिल्या दशकांबद्दल येथील बर्फनिर्मितीचे विखुरलेले उल्लेखच मिळतात.

क्षारांचा थर : क्यूब यंत्रात निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या उभ्या जाळीवरून पाणी सतत वाहत राहते. गोठताना पाण्याचे रेणू स्फटिकात बसतात आणि विरघळलेले क्षार बाहेर ढकलले जातात. त्यामुळेच असा बर्फ काचेसारखा निघतो. बाहेर पडलेले क्षार खालच्या हौदातील उरलेल्या पाण्यात साचत जातात. प्रत्येक फेरीच्या शेवटी यंत्र हे पाणी काही अंशी सोडून देते. निचरा कमी ठेवून पाणी वाचवावे, तर थर लवकर चढतो. जास्त ठेवला, तर टंचाईच्या भागात पाणी फुकट जाते. मराठवाड्यात ही ओढाताण कागदावरची नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. अशा काळात हॉटेलांच्या टाक्यांत धरणाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकत्र होते आणि यंत्रात जाणाऱ्या पाण्याचा गुण आठवड्यागणिक बदलतो.

थर थंड यंत्रात का बसतो, याची उकल बऱ्याच माहितीपुस्तकांत चुकीची आढळते. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते, हे गिझर व बॉयलरच्या बाबतीत खरे. तेच कारण बर्फयंत्राला चिकटविले जाते. बर्फयंत्रात पाणी तापत नाही. येथे तीन गोष्टी एकत्र येतात. गोठण्यामुळे क्षारांची तीव्रता वाढते. पातळ पडद्यासारखे वाहताना आणि गोठताना पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निसटतो, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो व बायकार्बोनेटाचे कार्बोनेट होते. शिवाय बर्फ सोडविण्यासाठी जाळीत गरम वायू सोडला, की पृष्ठभाग थोडा वेळ तापतो. यांपैकी पहिली दोन कारणे प्रमुख मानणे अधिक सयुक्तिक आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भूभाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. या खडकातील भूजल सामान्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेट प्रकारचे, म्हणजे दुष्फेन (कठीण, साबणाला फेस न येणारे) असते. खोल बोअरचे पाणी बऱ्याच गावी मचूळ लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिग्रॅ. व पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. आहे, एकूण विद्राव्य घन पदार्थांसाठी हेच आकडे ५०० व २,००० आहेत. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी यंत्राला झेपेलच असे नाही.

बेसाल्टच्या पाण्यात सिलिकाही विरघळलेली असते. तिच्यासाठी वरील मानकात मर्यादाच नाही. कार्बोनेटाचा थर सौम्य आम्लात फसफसून निघून जातो. सिलिकायुक्त थर आम्लाला दाद देत नाही. थराचा तुकडा नखाने सोडवून बशीत ठेवावा आणि त्यावर लिंबूसत्वाचे तीव्र द्रावण टाकावे. बुडबुडे आले, तर कार्बोनेट. तुकडा तसाच पडून राहिला, कडाही झिजल्या नाहीत, तर सिलिका किंवा सल्फेट असण्याची शक्यता अधिक. अशा यंत्रावर आम्लाच्या फेऱ्या वाढवून मुलामा तेवढा झिजतो. ‘तीनदा साफ केले तरी पांढरे जात नाही’ या मिस्त्रींच्या नेहमीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

पाणी मऊ करण्याबाबत दोन मते आहेत. मीठवाला सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो; थर थांबतो, पण विद्राव्य क्षारांची बेरीज तेवढीच राहते आणि बर्फ धुरकट होतो. आरओच्या पाण्याने बर्फ स्वच्छ निघतो, पण काही यंत्रांत बर्फाची जाडी किंवा पाण्याची पातळी विद्युत्-वाहकतेवरून ओळखणारी सळई असते. पाणी फारच निर्क्षार झाले, तर तिला पाणी ‘दिसत’ नाही आणि यंत्र अडते. बोअरच्या पाण्यासाठी आरओ लावून त्यात थोडे साधे पाणी मिसळणे आणि नळाच्या पाण्यासाठी गाळणी व क्षार चिकटू न देणाऱ्या पॉलिफॉस्फेटची नळकांडी एवढ्यावर भागविणे, ही मध्यम वाट बहुतेक ठिकाणी पुरते. आरओ जे पाणी टाकतो त्याचा हिशोब मात्र दुष्काळी तालुक्यात आधी करावा.

थराची लक्षणे यंत्र स्वतःच दाखवते. बर्फाचा पत्रा जाळीवरून वेळेत सुटत नाही, क्यूब अर्धवट किंवा मधोमध पोकळ येतात, जाळीवर पाणी सोडणाऱ्या वाटप-नळीची काही छिद्रे बंद झाल्याने जाळीचा एखादा उभा पट्टा कोराच राहतो, फ्लोट व्हॉल्व अडकून हौद भरून वाहतो. गॅस कमी झाला असे समजून गॅस भरण्यापूर्वी ही छिद्रे पाहावीत.

जैवपटल : गोठल्याने सर्व जंतू मरत नाहीत, काही नुसते निपचित पडतात, बर्फ पेल्यात विरघळला की पुन्हा वाढू शकतात. यंत्रातील दमट, अंधाऱ्या भागात गुलाबी, तपकिरी किंवा काळा बुळबुळीत थर धरतो. गुलाबी छटा बहुधा सेराशिया मार्सेसेन्स या जंतूची असते, काळे ठिपके बुरशीचे. जाळीसमोरील पाणी अडवणाऱ्या पडद्याची आतली बाजू, साठवण पेटीच्या झाकणाची रबरी कड आणि निचरा नळीचे तोंड येथे बोट फिरवले की तो हाताला लागतो. बेकरीला लागून असलेल्या यंत्रात तो लवकर होतो, कारण हवेतील पीठ व यीस्ट आत जाते. पावसाळी दमट हवेत बुरशी बळावते.

साफसफाई : क्षार काढणे आणि जंतू मारणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती याच क्रमाने करावी लागतात. थर शिल्लक असेल, तर त्याच्या आडोशाला जैवपटल जंतुनाशकापासून वाचते. आधी बर्फ सुटण्याची फेरी संपल्यावर यंत्र थांबवून पेटीतील सगळा बर्फ टाकून देतात. मग हौदात निकेलला चालणारे फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्लाचे द्रावण घालून धुण्याच्या फेरीत पंपाने ते फिरवतात. पडदा, वाटप-नळी, फ्लोट हे भाग सोडवून त्याच द्रावणात बुडवतात आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने घासतात. तारेचा ब्रश मुलाम्यावर चरे पाडतो. संडास धुण्याचे ॲसिड स्वस्त पडते म्हणून सर्रास वापरले जाते. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल थर झपाट्याने काढते, पण निकेल सोलते आणि पोलादाला बारीक खड्डे पाडते. जाळी उघडी पडली, की पुढचा थर अधिकच घट्ट बसतो.

साध्या पाण्याने आम्ल पूर्ण निघाल्यावरच जंतुनाशक घालतात. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ५ टक्के तीव्रतेचे असेल, तर लिटरमागे ४ मिली. घातल्यावर सुमारे २०० पीपीएम क्लोरीन मिळतो. उन्हात ठेवलेला कॅन लवकर निकामी होतो, त्यामुळे मे महिन्यात जुन्या कॅनवरील तीव्रतेवर विसंबू नये. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. लहान, बंद स्वयंपाकघरात हे जिवावर बेतू शकते. शेवटी पुन्हा खळबळून पहिल्या एक-दोन खेपांचा बर्फ टाकून द्यावा. स्कूप बर्फात खुपसून न ठेवता बाहेर टांगावा आणि निचरा नळी गटाराला थेट न जोडता मध्ये मोकळी फट ठेवावी, एवढे पथ्य रोजचे.

उत्पादक सामान्यतः सहा महिन्यांतून एकदा साफसफाई सांगतात. तो हिशोब चांगल्या पाण्याचा आहे. नाथसागराचे (जायकवाडी धरणाचे) शुद्ध केलेले पाणी मिळणाऱ्या छत्रपती संभाजीनगरातील यंत्राला तो कदाचित चालेल. निव्वळ बोअरवर चालणाऱ्या यंत्राला दोन-तीन महिन्यांचे अंतरही जास्त होऊ शकते. तारखेपेक्षा जाळीकडे पाहून ठरवावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला गोदावरीचे पाणी गढूळ येते, तेव्हा गाळणी ठरल्या मुदतीआधीच तुंबते.

उष्णता व धूळ : यंत्राच्या उत्पादनाचा छापील आकडा बहुधा ३२° से. हवा व २१° से. पाणी धरून, कधी त्याहूनही थंड परिस्थिती धरून दिलेला असतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२–४४° से. पर्यंत जातो आणि गच्चीवरील काळ्या टाकीतले पाणी दुपारी ४०° से.ला पोचू शकते. एक किलो पाणी २१° पासून गोठवायला सुमारे ४२२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, ४०° पासून ५०१. म्हणजे नुसत्या पाण्यामुळे काम जवळपास १९ टक्क्यांनी वाढते. हवेने थंड होणाऱ्या बऱ्याच यंत्रांची वापरमर्यादा ४३° से.च्या आसपास असते. अशा वेळी कंडेन्सरच्या पात्यांत धूळ बसली असेल, तर दाब चढून कॉम्प्रेसर बंद पडतो. जालना, परभणी, बीडकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू पात्यांवर गोधडीसारखे बसतात. ते मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने काढून मग ब्लोअर मारावा, उलट क्रमाने केल्यास तंतू आत रुततात. टाकीला सावली करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. वीज वारंवार गेल्यास पेटीतील बर्फ अर्धवट वितळून गोळे होतात. ते टोच्याने फोडताना पेटीचे अस्तर फुटते आणि त्या भेगांत जैवपटल घर करते.

लादीचे कारखाने : यांत गॅल्व्हनाइज्ड डबे गार मिठवणीत (तीव्र खाऱ्या द्रावणात) बुडवून लादी गोठवतात, शीतकारक बहुधा अमोनिया (उत्कलनबिंदू −३३° से.) असतो. मिठवणी कॅल्शियम क्लोराइडची किंवा साध्या मिठाची असते. डब्याला भोक पडून ती पाण्यात उतरली, की लादी खारट होते, म्हणून गंजलेले डबे वेळीच बदलणे हीच येथील मुख्य निगा. गंज रोखण्यासाठी पूर्वी मिठवणीत डायक्रोमेट घालीत. ते विषारी असल्याने खाण्याच्या बर्फाजवळ ते टाळणेच योग्य. अमोनियाची गळती शोधण्यासाठी जळती गंधकाची कांडी सांध्याजवळ धरतात. गळती असेल तेथे दाट पांढरा धूर दिसतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक केले. मासळी झाकण्याच्या निळ्या लादीसाठी आणि रसवंतीत जाणाऱ्या बर्फासाठी डबे वेगळे ठेवावे लागतात. एकाच डब्यात आलटून पालटून भरल्यास पांढऱ्या लादीच्या तळाशी निळसर झाक उतरते.